नवरदेवाच्या चाकाखाली

मी एक जुनी लाकडी उटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, स्वभावाने हट्टी आहे. उटी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. चढावर किंवा उतारावर मोटार उभी केली, की ती घरंगळू नये म्हणून चाकाखाली जो तिरका ठोकळा सारतात ना, ती मी. मोटारीला सगळे नावाजतात, तिच्या भोंग्याचंसुद्धा कौतुक होतं. माझ्याकडे मात्र लक्ष जातं ते पायाला ठेच लागली म्हणजे.

मित्रांनो, माझं मूळ दाभोशाच्या रानातल्या खैराच्या झाडात. जव्हारला तेव्हा राजेसाहेबांचं संस्थान होतं. मोटार इतकी नवलाची, की ती आली म्हणजे लोक हातातलं काम टाकून रस्त्याकडे धावत. सावळा सुताराने मला वाकसाने तासलं, एका अंगाला भोक पाडून दोरी ओवली आणि जव्हार-मोखाडा फिरणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या क्लीनरच्या हाती दिलं. त्याचं नाव ढवळू. मोटार थांबते न थांबते तोच तो मागच्या फळीवरून उडी मारी, मला चाकाखाली सारी आणि "लागली रं!" अशी हाळी देई. त्या हाळीवर विसंबून ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय उचली. त्या वेळी मला काय ऐट चढायची म्हणून सांगू!

ड्रायव्हर होता देवराम, पोशेऱ्याच्या एका वारल्याचा मुलगा. नाशकाला एका मोटारवाल्याकडे राहून तो गाडी शिकला. आपल्या डोंगरातला पोरगा मोटार चालवतो, याचा पोशेऱ्याला केवढा अभिमान! म्हाताऱ्या बायका त्याच्या खाकी कोटावरून उगीचच हात फिरवीत. देवराम होताही तसाच लाघवी. वाटेत कुणी ओझं घेऊन चालताना दिसलं, की थांबून बसवून घेई. मलाही तो फार आवडे.

पण घाटाच्या माथ्यावर आला, की त्याच्या अंगात वारं शिरे. इंजिन बंद करून, गिअर काढून तो मोटार नुसती उतारावर सोडून द्यायचा. आवाज नाही की काही नाही, गाडी सुसाट खाली. आणि आतली माणसं घाबरायची सोडून खूश! इंजिनाशिवाय मोटार पळवतो म्हणजे आपल्या देवरामला काहीतरी विद्या येते, असंच त्यांना वाटे. कुणी परका ड्रायव्हर असता तर त्यांनी त्याला चांगला फैलावर घेतला असता. घरच्या पोराला कोण बोलणार?

एकदा असेच उतरत असताना वळणावर काळी नावाची बाई लाकडांची मोळी घेऊन समोर आली. आवाजच नाही, तर तिला मोटार कळावी कशी? देवरामने ब्रेक दाबला, पण तापलेला ब्रेक नीट धरेना. ढवळूने फळीवरून उडी टाकली आणि मला मागच्या चाकापुढे झोकलं. चाक माझ्यावर चढलं, माझा एक कोपरा कडकन तुटला, पण मी जागची हलले नाही. मोटार थांबली. काळी रस्त्याकडेला पडली होती. खरचटण्यावर निभावलं. देवरामने तिची मोळी स्वतः बांधून दिली आणि हसून म्हणाला, "थांबली का नाय? मंग!"

ढवळूने मला उचलून माझा तुटका कोपरा चाचपला. तरी देवरामला तो काही बोलला नाही. मला त्याचा भारी राग आला. मला तोंड नाही, त्याला तर होतं!

त्या दिवशी पुढच्या बाकावर सुकरी बसली होती. सुकरी ही पोशेऱ्याची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांची लग्नं धवलेरी लावते. तिने गाणी गायल्याशिवाय नवरा-नवरी एकमेकांची होत नाहीत. सुकरीने तेव्हा सगळं पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात जामसरच्या वेणूशी देवरामचं लग्न ठरलं. मालकाने वऱ्हाडासाठी मोटार दिली. हळद लागलेल्या नवऱ्याने कामाला हात लावू नये म्हणतात, पण स्टिअरिंग सोडील तो देवराम कसला! पिवळ्याधमक अंगाने तोच वऱ्हाड घेऊन निघाला. आत त्याची आई नवशी, सुकरी, ढोलवाले आणि मांडीला मांडी लावून बसलेली पोरंटोरं.

घाटाच्या माथ्यावर पाणी भरायला मोटार थांबली. ढवळूने मला पुढच्या चाकाखाली लावलं. सगळे परत चढले, पण सुकरी येऊन थेट चाकासमोर मातीत बसली आणि माझ्यावर पाय ठेवला.

"सुकरी बाय, चल ना. वेणूकडं वाट बघतात," देवराम म्हणाला.

"बघू दे. मी नाय येत. आन ही उटी पण नाय निघायची."

"का पण?"

"तू इंजिन गप करशील. काळीच्या वेळी केलंस तसं."

"काळीला काय झालं? चांगली चालते-फिरते."

"पोरा, मी लग्नाची गाणी गाते. मौतीची मला येत नाय. तुझ्या मोटारीत ती शिकायची पाळी माझ्यावर आणू नको."

"आजच्या दिवशी असं बोलू नको गं बाय," नवशी रडवेली झाली. देवरामचं तोंड उतरलं, मग रागाने लाल झालं. "ढवळू, काढ ती उटी!"

ढवळू वाकला. त्याने माझी दोरी धरली. मग त्याने दोरी सोडून दिली.

"नाय काढत. मला भ्याव वाटतं, देवराम. रोज वाटतं. तू हसतोस, तवा मी मागं डोळे मिटून घेतो."

"मंग इतके दिवस बोलला का नाय?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

देवराम खाली उतरला, तरातरा लांब गेला आणि आमच्याकडे पाठ करून एका दगडावर बसला. मोडलं लग्न, असंच मला वाटलं. धवलेरी गाणार नाही आणि नवरा हलणार नाही! मोटारीतलं एक पोर रडायला लागलं. देवरामला हाक मात्र कुणीच मारली नाही.

पुष्कळ वेळाने तो उठून आला. चाकाजवळ उकिडवा बसला. माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून त्याने बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच हात लावला होता.

"तू मोटारीत कशी बसशील, सांग," तो सुकरीला म्हणाला.

"इंजिन बोलतं ठेव. ते बोलंल तवर मी गाईन."

मग आम्ही बैलाच्या चालीने उतरलो. इंजिन गुरगुरत होतं, सुकरी गात होती आणि मी ढवळूच्या मांडीवर होते. एका वळणापलीकडे जामसरची माणसं वऱ्हाडाला सामोरी आली होती आणि भर रस्त्यात फेर धरून नाचत होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती पोरांना ओढत बाजूला झाली. मधोमध राहिला तो वेणूचा बहिरा आजा. दोन्ही हात वर करून, हसत उभा. देवरामने मोटार त्याच्या पुष्कळ अलीकडे थांबवली. ढवळूने मला चाकाखाली सारलं. "लागली रं!"

देवरामने ब्रेकवरून पाय काढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. जामसरकर हसले. नवरी रडायची, तर इथे नवराच रडतो म्हणाले. कोण वाचलं ते मोटारीतल्या आम्हालाच ठाऊक.

देवरामने त्यानंतर केस पिकेपर्यंत मोटार चालवली. आता मी त्याच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे पडून असते. कोंबड्या माझ्यावर बसतात. क्वचित कुणी धूळ पुसतं, तेवढ्यानेही बरं वाटतं.

मित्रांनो, तुमचंही एखादं लाडकं माणूस गाडी बेफाम हाकत असेल. गाडी उभी आहे तोवर त्याला बोला. ते चिडेल, तुमच्याकडे पाठ करून बसेल. बसू द्या. रुसलेलं माणूस उठून परत येतं.