येतुंदेची नोंद

राजाभाऊ देवस्थळी एकतीस वर्षं एका तालुक्याच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसले. त्या काळात त्यांनी कुणालाही नावाबद्दल काही विचारलं नाही. बाप सांगेल ते लिहायचं. दगडू म्हणाला तर दगडू. चार मुलींच्या पाठीवर पाचवी झाली म्हणून नकुशा म्हणाला, तर नकुशा. अक्षर मात्र सुरेख काढायचं.

त्यामुळे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गजवळच्या एका गावात, मुलाच्या स्वयंपाकघरात बसून, अजून जन्मालाही न आलेल्या नातीच्या नावावरून आपण वाद घालू असं त्यांना वाटलं नव्हतं. पण घातला.

मुलगा कपिल मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. सून केमी फिजिओथेरपिस्ट. तिची आई हॅम्बुर्गची आणि वडील नायजेरियातले, योरुबा. राजाभाऊंची बायको शोभना जाऊन चौदा महिने झाले होते. कपिल पोचला तेव्हा तिसरा दिवस होता. त्याबद्दल बापलेक कधी बोलले नव्हते.

"नाव काय, ठरलेलंच आहे," राजाभाऊ म्हणाले. "शोभना."

"बाबा, ते नको," कपिल म्हणाला. "दिवसातून पन्नास वेळा आईच्या नावानं हाक मारायची, दात घास, बूट घाल... मला नाही जमणार."

मग केमीनं इंग्रजीत सांगितलं, की तिच्या वडिलांच्या लोकांत आजी वारल्यानंतर घरात मुलगी जन्मली, की ती येतुंदे. म्हणजे आई परत आली.

"असं कोण ठरवतं?" राजाभाऊंनी विचारलं.

"कुणीच नाही, बाबा. ती येते तेव्हा येतुंदेच असते. आपण फक्त कळवायचं."

राजाभाऊंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मग म्हणाले, "पण परत आलीच असेल, तर नाव बदलून कशाला येईल?"

कपिलनं डिशवॉशर सुरू केला.

मुलगी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. वजन तीन किलो दोनशे, केस भरपूर. केमीचे वडील, अडेयेमी, हॅम्बुर्गहून आले. जहाजांच्या इंजिनांवर हयात घालवलेला उंच, सावकाश बोलणारा माणूस. राजाभाऊंनी त्यांना 'व्याही' हा शब्द शिकवला होता, तेव्हापासून दोघं एकमेकांना व्याही म्हणत. योरुबांत नाव आठव्या दिवशी ठेवतात, आपल्याकडे बाराव्या. दोन्ही व्याह्यांनी यावर शांतपणे दोन तास चर्चा केली आणि दहावा दिवस नक्की केला. तो कुणाच्याच शास्त्रात बसत नव्हता, पण शनिवार होता.

शनिवारी सकाळी अडेयेमींनी टेबलावर मध, मीठ आणि पाण्याची वाटी मांडली. राजाभाऊंनी हळद-कुंकू आणि घुगऱ्या ठेवल्या. पाळणा नव्हता म्हणून बाळाचं कारसीट फुलांनी सजवलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं. आत्या नव्हती, तेव्हा ते राजाभाऊंनी करावं असं ठरलं. कानात ते काय सांगणार हे मात्र ठरलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

"व्याही," राजाभाऊंनी मीठ न्याहाळत विचारलं, "हे येतुंदे नाव तुमच्याकडे कितपत चालतं? इथे तर कुणी ऐकलेलं दिसत नाही."

"आमच्या इबादानच्या बाजारात हाक मारलीत, तर चार बायका वळून बघतील."

"अजूनही ठेवतात? आमच्याकडे शोभना आता कुणी ठेवत नाही."

"ठेवणारच," अडेयेमी म्हणाले. "आज्या जायच्या थांबत नाहीत ना."

राजाभाऊंनी मान डोलावली. नोंदणीच्या माणसाला हे पटण्यासारखं होतं.

केमी बाळाला झबलं घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बाबा, आईंचं शोभना हे नाव त्यांच्या आईनं ठेवलं होतं की वडिलांनी?"

कपिलच म्हणाला, "अगं, आजीनंच ठेवलं असणार."

"नाही," राजाभाऊ म्हणाले. "मी ठेवलं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"लग्नात. तांदळात अंगठीनं लिहिलं. तिचं माहेरचं नाव सरिता. पण आमच्या थोरल्या वहिनीही सरिता. एका घरात दोन सरिता कशा चालायच्या? एकीला हाक मारली की दोघी यायच्या. म्हणून मी शोभना लिहिलं."

"आईला आवडलं होतं?" कपिलनं विचारलं. पस्तीस वर्षांत त्याला हे ठाऊक नव्हतं.

"विचारलं नाही." राजाभाऊ म्हणाले. "एकदा म्हणाली होती, माहेरचा फोन आला की त्या सरिताला बोलवायला मला आत कुठेतरी जावं लागतं. मी म्हटलं, काहीतरीच."

अडेयेमींना हे संभाषण मराठीत चाललं असल्यामुळे काही कळलं नाही. केमीला बरंचसं कळलं. तिनं बाळ उचलून राजाभाऊंच्या हातात दिलं.

राजाभाऊंनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. तिथे जरा जास्तच वेळ गेला. मग त्यांनी आत्या नसल्याने स्वतःच कुर्र केलं आणि सरळ होऊन मोठ्यानं म्हणाले, "येतुंदे." अडेयेमींनी बोट मधात बुडवून बाळाच्या ओठाला लावलं. बाळानं तोंड वेडंवाकडं केलं. घुगऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या.

मंगळवारी कपिल श्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे नोंदणीच्या कचेरीत निघाला, तेव्हा राजाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. जर्मन नोंदणी कशी करतात हे त्यांना बघायचंच होतं.

फ्राऊ होल्त्से या पन्नाशीच्या बाईंनी फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. नाव मुलीचं आहे याचा काही कागद मिळेल का, असं त्यांनी विचारलं. आपण हे नाव आजवर पाहिलेलं नाही, आणि पुढे शाळेत मुलीला त्रास नको.

"अहो, इंटरनेटवर आहे," कपिल जरा चिडून म्हणाला.

"इंटरनेट हा कागद नाही," फ्राऊ होल्त्से म्हणाल्या.

राजाभाऊंना हे वाक्य, भाषांतर करून घेतल्यावर, अतिशय आवडलं. "बाईंना सांग," ते म्हणाले, "मी या खुर्चीवर एकतीस वर्षं बसलोय."

"बाबा, त्यांना काय करायचंय?"

"सांग तर."

कपिलनं सांगितलं. फ्राऊ होल्त्सेंनी चष्मा काढला. मग तुमच्याकडे अशा वेळी काय करतात, असं त्यांनी खरोखरच्या उत्सुकतेनं विचारलं.

"बाप सांगेल ते लिहितो."

"काहीही?"

राजाभाऊंच्या डोळ्यांपुढे रजिस्टरची पानं आली. वळणदार अक्षरातल्या नकुशा आल्या. मोजल्या नव्हत्या कधी, पण कमी नव्हत्या. त्यांतल्या एकीच्या बापाला तरी, हे नाव कशाला, एवढं विचारता आलं असतं. खिडकी छोटी होती, रांग मोठी होती, हे खरं. पण विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"काहीही," ते म्हणाले. "ते बरोबर होतं असं नाही. तुम्ही विचारताय ते ठीकच आहे. आम्ही कागद आणतो."

कपिल बाहेर येताना म्हणाला, "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"रजिस्टरच्या," राजाभाऊ म्हणाले.

अडेयेमींनी इबादानला बहिणीला फोन केला. तीही येतुंदेच होती, जन्म एकोणीसशे अठ्ठावन्नचा, आजी गेल्यानंतर तीन महिन्यांनी. तिच्या पासपोर्टची प्रत आली. मग न मागता दोन चुलतबहिणींच्या आल्या, एका भाचीचं ड्रायव्हिंग लायसन्स आलं, आणि पाचवी प्रत शेजारणीची होती, तिला कुठूनतरी कळलं होतं. सगळ्यांवर नाव येतुंदे आणि लिंगाच्या रकान्यात स्त्री लिहिलं होतं. फ्राऊ होल्त्सेंना एक पुरणार होती. राजाभाऊंनी पाचही जोडायला लावल्या.

फ्राऊ होल्त्सेंनी पाची बायकांचे फोटो एकामागून एक पाहिले, शिक्का मारला आणि विचारलं, "दुसरं नाव?" तो रकाना रिकामा होता.

कपिलनं वडिलांकडे पाहिलं. "शोभना लिहू? दुसरं म्हणून? घरात हाक मारायची नाही ना, मग मला चालेल. किंवा सरिता."

"नको," राजाभाऊ म्हणाले. "तिला एकदा विचारायचं राहिलंय. आता ही मोठी झाली की हिला विचारू. तोवर रेघ मार."

कपिलनं रेघ मारली. दाखला तिथेच हातात मिळाला. राजाभाऊंनी स्पेलिंग तीन वेळा तपासलं, चूक नव्हती.

घरी आल्यावर, सांगलीत दुपार कलली असेल असा हिशेब करून, त्यांनी बायकोच्या भावाला, वासुदेवला फोन लावला. शोभनाच्या बाराव्यानंतर दोघांचं बोलणं झालं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतं राहून गेलं होतं.

"वासुदेवराव, नात झाली. नाव येतुंदे."

"येऊंदे की," वासुदेव म्हणाला. "कोण येतंय?"

"येऊंदे नाही, येतुंदे. केमीच्या वडिलांकडचं नाव आहे. आजी गेल्यावर मुलगी झाली की ठेवतात. आई परत आली, असा अर्थ."



"म्हणजे आमची सरिता?" वासुदेवनं विचारलं.

"हो," राजाभाऊ म्हणाले. "तुमची सरिता."

वासुदेवनं नाक ओढलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यानं बायकोला काहीतरी ओरडून सांगितलं, आणि आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

"अंगडं-टोपडं पाठवतो," तो म्हणाला. "पत्ता सांगा."

राजाभाऊंनी कपिलचा रस्ता अक्षर अक्षर करून सांगायला घेतला. त्याला नावापेक्षा बराच जास्त वेळ लागला.