शेवाळातली वाट

मला एका जागी बसवत नाही. नवरा म्हणतो, "हिच्या पायाला भिंगरी आहे." तो अभयारण्याची जीप चालवतो आणि मी वनरक्षक आहे. मला भिंगरीचाच पगार मिळतो, असं मी त्याला सुनावते.

पण त्या दिवसांत माझं चित्त खरंच थाऱ्यावर नव्हतं. सोनचिखल्या नावाच्या पक्ष्याची एकच जोडी आमच्या पठारावर उरली होती. झुडपाच्या आडोशाला, जमिनीवरच्या वाडग्याएवढ्या खळग्यात मादी अंडी उबवत होती. गेल्या वर्षीची अंडी गारपिटीत गेली होती. यंदाही पिल्लं निघाली नाहीत तर ही जोडी पुन्हा इथे येईल, याचा काही भरवसा नव्हता.

मोठ्या मॅडमनी बजावलं होतं, आठवड्यातून एकदाच जायचं आणि दर वेळी वेगळ्या बाजूने. मी रोज जायचे. धुकं उतरलं की जीव खालीवर व्हायचा, ऊन चढलं की अंडी तापली असतील असं वाटायचं. आणि जायचे ती एकाच वाटेने. तिथलं शेवाळ पाण्याने फुगलेलं असतं, पाऊल रुतलं की खूण वर्षभर जात नाही. उगाच चार ठिकाणी कशाला तुडवायचं? आपण किती जपतो, याचं मला कौतुकच वाटायचं.

"बाळंतिणीच्या खोलीत इतक्यांदा कोणी डोकावतं का?" नवरा म्हणायचा.

"तू तुझी जीप बघ."

एका दुपारी वरच्या कड्यावर जीप पंक्चर झाली. तो जॅक लावत होता, मी दुर्बीण लावली. खाली हिरव्यागार शेवाळात एक काळपट रेघ गेली होती, रस्त्यापासून थेट घरट्यापर्यंत.

त्यालाही ती दिसली. "ती वाट कोणी पाडली गं?"

"मीच."

तो हसला नाही. त्यानेच मला धडकी भरली.

त्या रेघेवरून कोल्हा चालला होता. घाई कसलीच नाही, नाक जमिनीला लावलेलं. मी ओरडत उतारावरून धावत सुटले. वारा समोरून होता, आवाज पुढे जातच नव्हता. पाय घोट्यापर्यंत रुतत होते. तेवढ्यात मादी घरट्यावरून उठली आणि पंख मोडल्याचं सोंग घेऊन फडफडत, लंगडत दूर निघाली. काय सोंग होतं! मी तर हमखास फसले असते.

"जा ना मेल्या, तिच्या मागे जा!" मी रडकुंडीला येऊन ओरडत होते.

कोल्ह्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो तिच्या मागावर नव्हताच, माझ्या मागावर होता. मी रोज जिथे गुडघे टेकून अंडी बघायचे, तिथे तो थांबला आणि त्याने मान खाली घातली.