घुमटाचं निळं पाणी

अणूची शक्ती कधी मरत नाही, ती समाधी घेते. बंधू आबिमाएल यांनी हे महावाक्य गाड्या धुण्याच्या गाळ्यात, शटर अर्धं ओढून उच्चारलं आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेलं अर्धं गाव 'आमेन' म्हणालं.

समाधी समोरच होती. पोर्तो रिकोच्या त्या किनाऱ्यावर नारळीच्या झाडांमागे एक पांढरा घुमट कित्येक वर्षं उभा आहे. त्यात कधीकाळी छोटंसं अणुवीज केंद्र होतं. ते चार-दोन वर्षं कण्हतकुंथत चाललं, त्यातही दुरुस्तीतच जास्त रमलं. शेवटी सरकारने इंधन काढून नेलं आणि भट्टी काँक्रीटमध्ये पुरून टाकली. बेटावर दिवे तेव्हाही जात, आजही जातात. मात्र ज्या भट्टीला धड वीज जमली नाही, ती आता लोकांची स्वादुपिंडं दुरुस्त करू लागली होती. घुमटाखालच्या झऱ्याचं म्हणून बंधू बाटल्यांतून विकत ते पाणी म्हणे अंधारात निळं उजळायचं आणि मधुमेह पळवायचं.

नेरेइदा शाळेत विज्ञान शिकवायची. ती इथे आली होती आईपायी. आईने, म्हणजे डोन्या प्रोविदेन्सियाने, हे पाणी सुरू केलं आणि इन्सुलिन बंद केलं. आता तिची तहान भागत नव्हती.

"आई, तुला समोरचं धूसर दिसतंय."

"विष बाहेर पडतंय. बंधूंनी सांगितलंय."

"डोळ्यांतून?"

"तू शहाणी आहेस, गप्प बस. कडू लागतं, म्हणजे औषधच असणार."

शटर पुरतं खाली आलं. दिव्याची एक जांभळी नळी पेटली. बंधूंनी पेला उंच धरला आणि पाणी खरोखरच निळं उजळलं.

"उन्हात का नाही उजळत, बंधू?" नेरेइदाने विचारलं.

"अणू लाजाळू असतो, बाई."

"मग ही नळी?"

"ती त्याला धीर देते."

नेरेइदा उठून पुढे गेली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली बाटली तिने दुसऱ्या पेल्यात ओतली आणि नळीखाली धरली. तोच निळा उजेड.

"म्हणजे आपला दुकानदारही संत निघाला की," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने नळीचं बटण दाबलं. दोन्ही पेले विझले.

"टॉनिक वॉटर आहे हे, दुकानात मिळणारा कडसर सोडा, बुडबुडे उडून गेलेला," अंधारात ती म्हणाली. "त्यात क्विनीन असतं. असल्या दिव्याखाली ते निळं दिसतं, आणि कडूही त्यामुळेच लागतं. पाणी आपणहून उजळत असतं तर दिवा कशाला लागला असता? कोणीही चमत्कार दाखवला तरी आधी असा एखादा साधा प्रश्न विचारा. देव त्याने रागावत नाही. रागावतो तो दुकान मांडणारा."

अश्रद्धांपुढे शक्ती मावळते, असं बंधू म्हणाले. शटर वर झाल्यावर ते बाटल्यांची खोकी गाडीत भरू लागले.

नेरेइदाने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं. डोन्या प्रोविदेन्सियाने मुकाट्याने पोटावरचा झगा सरकवला, पण हार मानली नाही.

"पाणीच तर होतं. त्याने काय बिघडलं?"

टॉनिक वॉटरच्या एका डब्यात साधारण आठ चमचे साखर असते.