नवव्या क्रमांकाचं रीळ

गावातलं टॉकीज बंद पडून वीस वर्षं झाली. आता तिथे फरश्यांचं दुकान आहे. दुकान चालवणाऱ्या मालकपुत्राला एकाएकी वडिलांच्या थोरवीचा उमाळा आला आणि टॉकीजचा इतिहास लिहायचं काम निवृत्त मास्तरांकडे गेलं. मास्तर म्हणजे उंटावरचे शहाणे. जन्मभर फुकट पासावर सिनेमे पाहिले आणि तिकीट काढून आलेल्यांना त्यांचे अर्थ सांगितले.

पुस्तिका छापायला देण्याआधी ते कागद घेऊन ऑपरेटरच्या घरी आले. सत्तावीस वर्षं मशीन चालवलेला तोच एक उरला होता. थोरले मालक कलेचे कसे भोक्ते होते, हे तो भिंतीकडे बघत ऐकत राहिला. भोक्ते म्हणे! शेवट चालू असताना पंखे बंद करायला लावणारा माणूस तो, लोक लवकर उठावेत म्हणून.

मग मास्तरांचा लाडका उतारा आला. आंधळ्या आईच्या त्या गाजलेल्या सिनेमात आई आंधळी कशी होते, हे दिग्दर्शकाने दाखवलंच नाही. मध्यंतरानंतर ती एकदम चाचपडतच येते. केवढा हा संयम! आणि आपल्या रसिक गावाने तो ओळखला.

"दाखवलं होतं हो, मास्तर," ऑपरेटर म्हणाला. "नवव्या रिळात."

मास्तरांनी चष्मा काढला.

दिवसाला चौथा खेळ बसावा म्हणून मालक प्रत्येक सिनेमाचं एक रीळ गाळायला लावत, हे त्याने सांगून टाकलं. गाण्याचं रीळ गाळलं तर लोक खुर्च्या फाडायचे. आई आंधळी झालेली दिसली नाही, म्हणून मात्र कुणाचं काही अडलं नाही. नववं रीळ डब्यातून बाहेरच आलं नाही. हे छापा, तो म्हणाला. हात माझे होते, माझंही नाव घाला. इतकी वर्षं ते त्याच्या घशाशी अडकलं होतं. एवढं छापून आलं की तो सुटणार होता.

"हे मी वर्गात शिकवलंय हो," मास्तर पुटपुटले. "सोळा वर्षं."

ऑपरेटरला त्यांची कीव आली, पण घटकाभरच.

महिन्याने पुस्तिका आली. संयमाचा उतारा जागच्या जागी होता. शेवटच्या पानावर ऑपरेटरचा फोटो आणि खाली त्याच्या तोंडी एक वाक्य: 'आमच्या रसिकांना सगळं दाखवावं लागत नसे.'

बायकोने ते दोनदा वाचलं. "अहो, छानच की. हे कधी म्हणालात तुम्ही?"

"नवव्या रिळात," तो म्हणाला आणि पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.