फा आणि खिळा

मी गिटार बोलतेय, पण आधी तुमचे हात दाखवा. हात पाहिल्याशिवाय मी कुणाशी मोकळं बोलत नाही.

कारखान्याने मला प्लायवूडपासून बनवलं आणि तारा उंच बसवल्या. नारिन शहराच्या बाजारातून मला एर्मेकने आणलं. तीन कॉर्ड तो आठवड्यात शिकला. त्याला हव्या असलेल्या गाण्यातली चौथी होती ‘फा’. तिच्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. त्याच्या बोटांना फोड आले, पण सूर काही निघेना. ‘नंतर बघू,’ म्हणत त्याने मला खिळ्याला टांगलं आणि तो रशियात बांधकामावर निघून गेला. सहा वर्षं मी तिथेच होते. तेव्हापासून ‘नंतर’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या आईने, बुरुलने, मला खाली काढलं. पोटावर टकटक केलं, आत डोकावून पाहिलं. आता ही माझ्यात सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या भरणार, अशी मला दाट शंका आली. पण ती वाजवायलाच बसली. बाई जन्मभर कोमुझ वाजवणारी. त्याला तीनच तारा, मानेवर माझ्यासारख्या धातूच्या आडव्या पट्ट्या नाहीतच. दोन पट्ट्यांच्या मधे दाबायचं सोडून ती नेमकी माझ्या पट्टीवरच बोट दाबायची आणि मी खरखरायचे.

शेजारीण सोनुन पोट धरून हसली. “अगं, या वयात काय हे थेर?”

“एर्मेकने अर्धवट सोडलेलं गाणं त्याला पुरं ऐकवणार आहे. मग बघते, घरी कसा येत नाही ते.”

म्हणजे तिला मी नको होते, मुलगा हवा होता. फा आली की हीसुद्धा खिळा शोधेल, हे मी मनाशी धरूनच चालले.

महिनाभर बोट आडवं पडेना. एका दुपारी वैतागून तिने कोमुझवरची जुनी सवय वापरली. अंगठा माझ्या मानेवरून वळवून जाड तार दाबली. पहिल्या बोटाखाली दोनच बारीक तारा. ही चक्क लबाडी, मी म्हटलं. पण फा खणखणीत वाजली. खरं सांगते, मला रडू आलं.

रविवारी एर्मेकचा व्हिडिओ कॉल आला. तिने गाणं वाजवलं, ‘फा’सकट. त्याने चेहरा पडद्याजवळ आणला.

“आपा,” तो आईला म्हणाला, “अंगठ्याने? असं चालतं?”

“इथे येऊन बघ. फोनवर मी शिकवत नाही.”

“मे महिन्यात येतो.”

‘नंतर’ म्हणाला नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

आता मी खिडकीजवळच्या खुर्चीत असते. माझ्या खिळ्यावर बुरुलने एर्मेकचा जुना कोट झटकून लावलाय. एर्मेक येईल का, शंकाच आहे. आणि आलाच, तर कोट निघेल, खिळा मोकळा होईल, याचीही धास्ती आहे. तरीपण ये रे बाबा. येऊन घाल तो कोट.