तीसची पट्टी

शेडमध्ये दोन गाड्या होत्या, दोन म्हातारे होते आणि चाकांची एक खुर्ची होती. गाड्या दोन्ही १९६९ सालच्या, एक शेव्रोलेची निळी कॅमारो आणि एक फोर्डची पिवळी मस्टँग. बॉनेट दोन्हींची उघडी. सिलिंडर आठ आणि आठ. सिलिंडरचा व्यास दोन्हीकडे चार इंच, पिस्टनची धाव दोन्हीकडे तीन इंच, म्हणजे इंजिनही एकाच मापाचं, तीनशे दोन घनइंचांचं. दोन्हींवर चार तोंडांचा एकेक कार्ब्युरेटर, तोही एकाच कारखान्यात बनलेला. कंपन्यांनी छापलेली ताकद कॅमारोची दोनशे नव्वद हॉर्सपॉवर आणि मस्टँगचीही दोनशे नव्वद हॉर्सपॉवर.

"मग भांडण कशावरून आहे तुमचं?" कोरीन साबोने विचारलं. शेड तिची होती आणि जमिनीत बसवलेला डायनोही तिचाच. गाडीची मागची चाकं त्याच्या रोलरवर ठेवायची, गाडी जागच्या जागी पळवायची, की चाकांपर्यंत खरी किती ताकद पोचते ते पडद्यावर उमटायचं.

"व्हॉल्व," लेनर्ड वोझ्नियाक म्हणाला.

"व्हॉल्व," खुर्चीतला व्हर्जिल टॅकेट म्हणाला. त्याला तो शब्द उच्चारायला लेनर्डच्या दुप्पट वेळ लागला.

लेनर्डने फ्लिंटला शेव्रोलेच्या इंजिनांवर हयात घालवली होती, व्हर्जिलने डिअरबॉर्नला फोर्डच्या. लेनर्डने व्हर्जिलच्या बहिणीशी, बर्नीसशी, लग्न केलं तेव्हापासून हा वाद चालू होता. मस्टँगचे व्हॉल्व, म्हणजे इंजिनात हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, मोठे आणि तिरपे बसवलेले. "आमचं इंजिन छातीभर श्वास घेतं," व्हर्जिल म्हणायचा. "तुमचं एका नाकपुडीवर जगतं." त्यावर लेनर्डचं उत्तर ठरलेलं: "छातीभर घेतं आणि झोपी जातं. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या पुढे गेल्याशिवाय जागं होत नाही." छापलेल्या आकड्याचंही तसंच. आपल्या कंपनीने नम्रपणाने कमी सांगितला आणि समोरच्याने फुगवून सांगितला, यावर दोघांचीही पक्की श्रद्धा होती. दर नाताळात, दर बारशाला आणि शेवटी बर्नीसच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणातही हे बोलणं निघालं होतं. गाड्या शेजारी शेजारी लावून एकदा मोजून बघावं, असं मात्र दोघांपैकी कुणी कधी म्हटलं नाही.

ते व्हर्जिलने यंदा म्हटलं. हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, आणि बोलणं तुकड्यातुकड्यांवर आलं. मुलगी त्याला टेनेसीला आपल्या घरी नेणार होती. मस्टँग इंडियानाच्या एका माणसाला विकली होती आणि तो उद्या ट्रेलर घेऊन येणार होता. "एकदा," व्हर्जिल लेनर्डला म्हणाला होता, "खरं. काय ते. कळू दे." त्यामुळे आज जे मोजलं जाईल तेच कायमचं राहणार होतं. उद्यापासून मोजायला गाडी नसणार होती, आणि भांडायला माणूसही.

मस्टँग कित्येक वर्षं झाकून ठेवलेली होती. तिला तयार करणं लेनर्डकडेच आलं, दुसरं होतं कोण? मे महिनाभर तो आपली हत्यारांची पेटी घेऊन व्हर्जिलच्या गॅरेजमध्ये जात राहिला. फोर्डवाल्याच्या दारात शेव्रोले उभी करायची नाही, असा त्या घराचा नियम होता. व्हर्जिल आत पलंगावर पडलेला असायचा, खिडकीतून बघणंही त्याला जमत नव्हतं. तरी लेनर्ड आपली गाडी रस्त्यावर लावायचा आणि जड पेटी घेऊन चढ चढून यायचा. मग गॅरेजच्या पायरीवर बसून दम खायचा. त्याने कार्ब्युरेटर उघडून धुतला, ऑइल बदललं, प्लग बदलले, व्हॉल्वचे टॅपेट लावले. काम चांगलं केलं. मनात कपट नव्हतं. फक्त हल्ली तो सगळंच थकून करायचा, दाढीसुद्धा.

"दोन्ही गाड्या मीच चालवणार," कोरीन म्हणाली. "पाय एकच असला की नंतर कटकट नको. आणि आजोबा, तुम्ही दोघं काचेच्या खोलीत बसा. इथे कान फुटतील."

"आजोबा कुणाला म्हणतेस?" लेनर्ड म्हणाला.

"दोघांपैकी ज्याला लागलं त्याला."

कॅमारो आधी लागली. कोरीनने तिला तीनदा पळवलं. पडद्यावर रेघ चढत गेली, साडेसहा हजारांच्या आसपास वाकली आणि खाली आली. तिन्हींत सगळ्यात चांगला आकडा दोनशे एक्कावन्न पूर्णांक दोन.

मग मस्टँग. तिच्याही तीन फेऱ्या झाल्या. व्हर्जिलचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. गाडीचा आवाज वर चढला की तो मूठ आवळायचा, उतरला की सोडायचा. सगळ्यात चांगला आकडा दोनशे अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा.

व्हर्जिलने मूठ उघडली आणि हात मांडीवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "जिंकलास."

"अडीच हॉर्सपॉवर तर आहे," लेनर्ड म्हणाला. "त्यात काय मोठंसं."

"मोठं... नाही? मग इतकी वर्षं... डोकं का खाल्लंस?"

लेनर्ड हसायला गेला, पण हसू आलं नाही. या क्षणाचा त्याने आयुष्यात पुष्कळदा विचार केला होता. त्यात तो काहीतरी झणझणीत बोलायचा आणि व्हर्जिलची बोलती बंद व्हायची. बोलती तर आता कायमचीच अर्धी बंद झाली होती, आणि त्याला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटत होतं.

"रविवारी," व्हर्जिल म्हणाला, "तिच्याकडे जाशील. सांग तिला. हरला म्हणावं. तुझा भाऊ."

लेनर्ड दर रविवारी बर्नीसच्या थडग्याकडे जायचा. "सांगतो," तो म्हणाला आणि खोलीबाहेर आला.

कोरीनने मस्टँग थंड व्हायला चालूच ठेवली होती. समोर मोठा पंखा होता. लेनर्डने मडगार्डला कंबर टेकवली. इंजिन सावकाश फिरत होतं आणि त्यावर टॅपेटची टकटक चालली होती. या दोन्ही इंजिनांत ती असायचीच, त्यांचे टॅपेट जुन्या टणक जातीचे. लेनर्डचं बोट पत्र्यावर त्या टकटकीबरोबर वाजायला लागलं. घरी आपल्या गाडीशी उभा असला की वाजायचं तसंच, ओळखीच्या तालात. घटकाभर त्याला बरं वाटलं.

मग बोट थांबलं.

या गाडीशी त्याचं बोट कधी वाजलं नव्हतं. मस्टँगची टकटक बारीक असायची, शिवणयंत्रासारखी. "तुझी मशीन काय शिवतेय?" असं तो व्हर्जिलला चिडवायचा. आणि आज ती त्याच्या कॅमारोसारखी वाजत होती.

टॅपेटची फट म्हणजे व्हॉल्वचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये ठेवलेली केसाएवढी मोकळी जागा. कॅमारोला ती इंचाच्या हजार भागांतल्या तीस भागांएवढी लागते, मस्टँगला पंचवीस. मोजायची ती फिलर गेजच्या पातळ पोलादी पट्टीने. लेनर्डचं गेज कधीचंच खिळखिळं झालं होतं. त्यातली तीसची पट्टी त्याने सुटी काढून पेटीत सगळ्यात वर ठेवली होती, कारण त्याला दुसरी कधी लागलीच नव्हती. व्हर्जिलच्या गॅरेजमध्ये त्याने पेटी उघडली असेल आणि अंधारात पाय आपल्या सपातांत जातात तसा त्याचा हात त्या पट्टीकडे गेला असेल. पंचवीस हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या मिशिगनमध्ये ते माहीत नसलेला माणूस त्याच्या वयात सापडला नसता. हाताला माहीत नव्हतं, एवढंच.

फट पाच हजारांशांनी जास्त, म्हणजे व्हॉल्व उशिरा उघडणार, लवकर मिटणार, आणि उघडेल तोही थोडा कमी. श्वास तेवढा कमी. अडीच हॉर्सपॉवर त्यात सहज जाईल. जास्तही जाईल.

त्याने काचेकडे पाहिलं. व्हर्जिलने डोळे मिटले होते. पंखा चालू होता आणि ऐकू येणारा त्याचा एकच कान काचेमागे होता. त्याला कळणार नव्हतं. इंडियानाचा माणूस एखाद दिवशी टॅपेट लावेल, कुणीतरी मूर्खाने तीस ठेवलेत म्हणेल आणि विसरून जाईल. लेनर्डचे गुडघे दुखत होते. सोळा व्हॉल्व, तेही गरम इंजिनावर, कारण ही फट गरम असतानाच मोजायची असते. गाडी उद्या जाणार. माणूसही जाणार. जिंकून झालं होतं, आणि ते तसंच राहू देण्यात काही श्रम नव्हते.

पण रविवारी तिथे जाऊन उभं राहायचं होतं. बर्नीस जिवंत असताना ती त्याच्या तोंडाकडे बघून सांगायची की लेन, तू अर्धंच सांगतोयस.

तो काचेच्या खोलीत गेला.

"फोर्ड्या. ए फोर्ड्या, झोपलास का? तुझ्या टॅपेटला किती लागतं?"

"पंचवीस." इतका वेळ तुकडे होऊन येणारं बोलणं, हा शब्द मात्र धडधाकट आला.

"मी तीस ठेवलेत."

व्हर्जिलने डोळे उघडले. कोरीनही वळून बघायला लागली.

"मुद्दाम?" व्हर्जिलने विचारलं.

"मुद्दाम केलं असतं तर सांगितलं असतं का? हाताने खाल्ली माती."

व्हर्जिलचा चेहरा एका बाजूने थरथरला. लेनर्डला वाटलं, रडतोय की काय. मग आवाज आला आणि कळलं की हसतोय. अर्ध्याच तोंडाने हसत होता, पण पोट पूर्ण हलत होतं.

"गाढवा," तो म्हणाला. "शेव्रोल्या गाढवा. चाळीस... वर्षं. माझ्या घरी... जेवलास. आणि पंचवीस... येत नाही."

"येतं! हाताला येत नाही."

"मला दुपारी दुसरी गाडी घ्यायचीय," कोरीन म्हणाली. "समोरून माझा कोनी हॉटडॉग आणून खाऊन होईस्तोवर करून टाका. सावकाश खाते. पण दोन नाही खाणार."

"तू काय... लावणार टॅपेट? उभं... राहवत नाही तुला," व्हर्जिल म्हणाला. "मला... ने तिकडे. गाडीपाशी."

लेनर्डने खुर्ची ढकलत मडगार्डला लावली आणि इंजिन बंद केलं. कोरीनच्या भिंतीवरून पंचवीसची पट्टी घेतली आणि तिच्यावरचा आकडा दोनदा वाचला. व्हर्जिलने हात पुढे केला, स्वतः वाचला, मग परत दिली.

व्हॉल्ववरची झाकणं इतकी तापली होती की ती काढताना फडक्यातूनही हात भाजला. "एक नंबरचा सिलिंडर कुठला तुमच्यात?" लेनर्डने विचारलं.

"उजवीकडे. पुढचा."

"आमच्यात डावीकडे."

"तुमच्यात... सगळंच... डावं."

पहिली फट त्याने मोजली. तीसची पट्टी जवळच होती, ती आत घातली, सैल न पडता सरकली. म्हणजे तीसच. आता शंका उरली नाही. त्याने नट फिरवला, पंचवीसची पट्टी घातली आणि ओढून बघितली. मग व्हर्जिलचा उजवा हात धरून पट्टीच्या टोकाशी नेला. व्हर्जिलने दोन बोटांनी ती हलकेच ओढली. डोळे मिटून ओढली.

"सैल."

लेनर्डने पाव फेरी आवळलं.

"आता घट्ट. आवळतोस... काय... दुष्मनासारखा."

"दुष्मनच आहेस."

थोडं सैल केलं. व्हर्जिलने पुन्हा ओढली. लोण्यातून सुरी निघावी तशी यायला हवी, अशी त्याची जुनी खूण होती, पण आज त्याने नुसती मान हलवली. लेनर्ड दुसऱ्याकडे गेला. मोजायचं, हात न्यायचा, मान हलायची, पुढे. बोटांना फोड आला तसा लेनर्डने हात बदलला. डाव्या बाजूच्या मागच्या सिलिंडरपाशी वाकून त्याची पाठ भरून आली, तेव्हा तो मडगार्ड धरून उभा राहिला आणि काही वेळ तसाच राहिला. व्हर्जिलने घाई केली नाही.

शेवटच्या व्हॉल्वला व्हर्जिलने पट्टी सोडलीच नाही.

"पुरे. आता हरलो... तर हरलो," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तू हरलास तर... सांग तिला. तेही."

कोरीन तोंड पुसत आली. तिने झाकणं बसवायला मदत केली, गाडी जागेवर बांधणारे पट्टे तपासले, चाकं रोलरवर नीट आहेत का बघितलं. "एकच फेरी," ती म्हणाली. "गरम इंजिनाला तीन देणार नाही."

या वेळी दोघंही काचेच्या खोलीत गेले नाहीत. व्हर्जिलने आपला चांगला कान गाडीकडे केला. कोरीनने इंजिन चालू केलं. टकटक बारीक होती. लेनर्डचं बोट पत्र्यावर गेलं नाही. आवाज वर गेला, सहा हजारांच्या पुढे गेला, शेडचा पत्रा थरथरला, आणि रेघ वाकली तशी कोरीनने पाय काढला. रोलर फिरत फिरत थांबले.

पडद्यावर आकडा होता, दोनशे बावन्न पूर्णांक तीन, कॅमारोपेक्षा जेमतेम एका हॉर्सपॉवरने जास्त.