जुन्या पेटीतली राणीघरं

संत्र्याला आंबिया बहर फुटला की चांदूर बाजारकडच्या त्या गावात माणसं हळू बोलायला लागतात. वास असा दाटतो की भांडायला निघालेल्यालाही वाटेत जांभई येते आणि कशासाठी निघालो होतो तेच आठवत नाही. महेजबीनला मात्र त्या दिवसांत चैन नसे. तिच्या मधमाश्यांच्या पेट्या बागेच्या कडेला होत्या, आणि बहर म्हणजे मोहोळ फुटायचे दिवस.

कापसाच्या त्या वाईट वर्षांनी आधीच अर्धी गल्ली रिकामी केली होती. कोणी पुण्याला गेलं, कोणी सुरतेला. नवरा गेल्यावर महेजबीनकडे उरलं ते दीड खोलीचं घर, त्यामागची संत्र्याची बाग, मुलगा इमरान, सून गुलनार आणि नवऱ्यानं आणलेली पहिली पेटी, घराच्या भिंतीलगत ठेवलेली. यातलं काहीही फुटू द्यायचं नाही, हा म्हातारीचा हेका होता. हेका म्हणजे हेकाच. त्यापुढे शहाण्यानं बोलू नये.

मोहोळ काही न सांगता उडत नाही. पेटीत नर वाढतात. बाहेर सगळी बाग फुललेली असते आणि कामकरी माश्या मात्र दाराशी दाढीसारख्या लोंबत बसतात. राणीचं खाणं तोडलं जातं, ती बारीक होते, कारण तिला आता उडायचं असतं. आणि पोळ्याच्या खालच्या काठाला भुईमुगाच्या शेंगेएवढी राणीघरं लटकू लागतात. त्यांत नव्या राण्या वाढत असतात. नवी राणी बाहेर यायच्या आत जुनी राणी अर्धी वस्ती घेऊन निघून जाते. महेजबीनला हे सगळं पाठ होतं. राणीघर दिसलं की ती चिमटीत धरून मोडायची आणि बोटं पदराला पुसायची.

"अम्मी, मोडण्यापरीस वाटणी करून देऊ ना," गुलनार एकदा म्हणाली होती. "जुनी राणी नव्या पेटीत ठेवाची. उडून जाण्यापेक्षा बरं."

"माह्या जीतेजी वाटणी नाई होत," महेजबीन म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

पण त्या वर्षी तिला घरातही खुणा दिसायला लागल्या. ती आत आली की इमरान आणि गुलनारची कुजबुज थांबे. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली नव्या फळ्या दिसल्या. गुलनारनं बाजारातून एक नवा तवा आणला, तोही चुलीवर न येता पेटाऱ्यात गेला. घरोघरी मातीच्या चुली, हे महेजबीनलाही कळत होतं. पण आपल्या घरात दुसरी चूल मांडली जाणार, हा विचार तिला सोडत नसे. तिला एकटं पडायची भीती वाटत होती, सरळ भीती, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

अशात दर्यापूरला बहिणीच्या नातवाचा अकीका, म्हणजे जावळ-बारसं, आला. जावं तर पेटीची काळजी, न जावं तर बहिणीचे टोमणे. ती गेली, आणि निघताना सुनेला बजावून गेली, "राणीघर दिसलं का मोडजो."

आठवडाभरानं ती जीपमधून उतरली तेव्हा भर दुपार होती. घराला कडी होती, दोघं बाजाराला गेलेली. तिनं बुरखाही काढला नाही, सरळ जुन्या पेटीपाशी गेली. झाकण उघडलं आणि बघते तो काय, काठाला राणीघरांची रांग! सुनेनं एकही मोडलं नव्हतं. माश्या जरा विरळ वाटल्या, पण अशा बहरात दुपारी घरी बसतंय कोण, असं तिनं मनाशी म्हटलं. पेट्या आल्या त्या वर्षी शिकवायला आलेल्या मास्तरानं सांगितलं होतं, आधी ताजी अंडी बघा, राणी आत आहे याची खात्री करा, मगच राणीघराला हात लावा. पण ती तांदळाच्या कणीहून बारीक अंडी महेजबीनला हल्ली दिसत नव्हती, आणि दिसत नाहीत हे कबूल करायला ती तयार नव्हती. तिनं रागारागानं एकूण एक राणीघर मोडलं. रागात थोडं गुलनारचंही नाव घेतलं.

मग दोन्ही बायका गप्प राहिल्या. सासूनं मोडलं ते सांगितलं नाही. सुनेच्या पोटात काय होतं, तेही ओठावर आलं नाही.

काही दिवसांनी जुन्या पेटीचा आवाज बदलला. एरवीची गुणगुण जाऊन एक लांब, रडका सूर लागला, आजारी मूल कण्हतं तसा. माश्या दाराशी येत, इकडेतिकडे फिरत, जणू काही हरवलंय आणि सापडत नाही. महेजबीननं पेटीला कान लावला. हा बिनआईच्या पेटीचा आवाज होता.

"गुलनार! राणी कुठी गेली वो हिची?"

गुलनार दारात आली. खाली मान घालून म्हणाली, "चला, दाखवते."

बागेच्या दुसऱ्या टोकाला, फवारणीच्या पंपाच्या खोलीशेजारी, लिंबाच्या सावलीत एक कोरी पेटी होती. ताडपत्रीखालच्या त्याच फळ्यांची. महेजबीन दर्यापूरला गेली त्याच दिवशी मोहोळ उडालं होतं. सारं आभाळ सोनेरी झालं होतं म्हणे, आणि मग ते सगळं अंगणातल्या बोरीच्या फांदीवर येऊन लटकलं. गुलनारनं ओढणी डोक्याला गुंडाळली, फांदीखाली टोपली धरली आणि अलगद हलवलं.

"तुमी रागवसान म्हणून नाई सांगतलं. मांगं नव्या राण्या होत्याच ना, त्या घर सांभाळतीन, असं वाटलं."

महेजबीननं पेटीचं झाकण उचललं. तिची जुनी राणी पांढऱ्याशुभ्र नव्या पोळ्यावर संथपणे फिरत होती. चांगली भरली होती. माश्या तिला वाट करून देत होत्या. बहराचा वास, पाखरांचा आवाज, आणि ती राणी, जणू जन्मभर तिथंच राहत आलेली.

"मी साऱ्या पोरी मारल्या तिच्या," महेजबीन म्हणाली आणि तिथंच मातीत बसून रडली. "माह्या हातानं."

गुलनार तिच्याजवळ बसली. म्हणाली, "हिच्या अंड्यांच्या पोळ्याची एक चौकट तिकडं जुन्या पेटीत देऊ. त्या माश्या त्यातून नवी राणी करतीन."

"करतीन," महेजबीननं डोळे पुसले. "आन् तो तवा? तो काहून घेतला?"

गुलनार म्हणाली, "वेगळी चूल तर मले पाहिजे, अम्मी. खोटं कावून बोलू? पण तुमाले सोडून जाची हिंमत होऊन नाई राहिली."

महेजबीननं पेटीतली एक चौकट बाहेर काढली. अंडी दिसावीत म्हणून चौकट उन्हात धरली, दिसली नाहीत, तेव्हा निमूटपणे सुनेच्या हातात दिली. "पाय बरं, हायेत का? मले नाई दिसत."

चौकट जुन्या पेटीत गेली. दुसऱ्या दिवशी इमरान उठला तर आई पंपाची खोली झाडत होती. तिनं आपली गोधडी, परात आणि जुना तवा तिकडं नेला होता. इमराननं हातापाया पडून पाहिलं, गुलनार रडली, शेजारणी काय म्हणतील तेही निघालं. "मी रुसली नाई," महेजबीन म्हणाली. "पोरीले घर ठेवून म्हातारीच निघत असते. इतके साल पेट्या पाहून राहिली, पण येवढं नाई समजलं मले." त्या दिवशी तिची भाकरी तशीच परातीत राहिली, हेही खरं.

दोन जुम्मे उलटले. बहर गळून बागेत पांढरा सडा पडला होता. महेजबीन आपल्या चुलीपुढं भाकरी थापत असताना बागेच्या त्या टोकाहून हाक आली.

"अम्मी! निघाली! राणीघरातून नवी राणी निघाली! लौकर या, पाहा!"

ती अर्धी उठली. पीठ लागलेले हात तसेच हवेत राहिले. धावत जावंसं वाटलं, फार वाटलं. मग ती खाली बसली.

"तूच पाय, बेटा," ती जोरानं ओरडली. "तुया घरातली हाय!"

आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.